वनस्पतितंतूंची हस्तकला कार्यशाळेत शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोरी वळणे, टोपली विणणे, चटई बांधणे किंवा जाळी गुंफणे यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष हाताने शिकावे, असे वाटणाऱ्या नवख्या माणसांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत या कलेचे मर्म आहे. जेथे दोन वाक्यांत भागते, तेथे दोन वाक्यांवरच थांबलो आहोत.

या कलेत नेमके काय काय येते?

तंतू वनस्पतीच्या कोणत्या भागातून मिळतो, यावरून पुढचे बहुतेक सगळे ठरते. ताग, अंबाडी, जवस, भांग आणि रॅमी यांचे तंतू खोडाच्या सालीत असतात आणि सालीपासून ते मोकळे करावे लागतात. घायपात आणि अननस यांचा वाख पानातून खरवडून काढतात. केळीचा तंतू खांबाच्या सोपांतून निघतो. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो, ते खरे तर एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचेच बनलेले असते. नारळाचा काथ्या फळाच्या सोडणातून येतो. याखेरीज एक मोठा गट असा आहे, की ज्यात तंतू वेगळा काढण्याची गरजच नसते: वेत, बांबूच्या कांबी, लव्हाळा, पाणकणीस, लांब पात्याचे गवत, ताडाची पाने. यांत सबंध काडी किंवा सबंध पातेच विणायला घेतात.

कार्यशाळेची जाहिरात वाचताना ती या दोहोंपैकी कोणत्या गटातली आहे, हे आधी पाहावे. पहिल्या गटात बराच वेळ तंतू तयार करण्यात जातो, तर दुसऱ्या गटात विणकाम लवकर सुरू होते.

ही कला किती जुनी आहे?

जितके मागे जाऊन शोधता येते, तितकी जुनी. आग्नेय फ्रान्समधील आब्री द्यू मारास या गुहेसारख्या ठिकाणी दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा एक सूक्ष्म तुकडा सापडला आणि त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो ४१ ते ५२ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे निअँडरथल मानवाच्या काळातला आहे. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर. परंतु तेवढ्यातही तीन पेड स्पष्ट दिसतात, प्रत्येक पेड एका दिशेने पिळलेला आणि तिन्ही मिळून उलट दिशेने वळलेले. पहिल्या दिवशी कार्यशाळेत जे शिकवतात, ते तत्त्व हेच. जॉर्जिया या देशातील झुझुआना गुहेत रानटी जवसाचे ३० हजार वर्षांहून जुने तंतू मिळाले आहेत. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या सुरीचे म्यानसुद्धा लिंडन वृक्षाच्या आतल्या सालीचे विणलेले होते.

असे पुरावे मोजकेच मिळतात, कारण दगड टिकतो आणि दोरी कुजते. त्यामुळे संग्रहालयांत दगडी हत्यारे भरपूर दिसतात आणि ती दांड्याला बांधणारी दोरी मात्र दिसत नाही.

पुस्तके आणि चित्रफिती उपलब्ध असताना प्रत्यक्ष कार्यशाळेला जाण्याची काय गरज?

वीण कशी टाकायची, काडी कोणत्या काडीमागून न्यायची, हे चित्रावरून समजते. ते समजण्यासाठी कोणी कार्यशाळेला जाऊ नये. चित्रातून जे समजत नाही, ते तीन गोष्टींत सांगता येईल: साहित्यातली ओल, हाताचा ताण आणि दोरीतला पीळ. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. भिजवलेला लव्हाळा विणण्याजोगा झाला आहे की अजून कडक आहे, हे सांगताना अनुभवी माणूस तो बोटाभोवती गुंडाळून पाहतो आणि ‘हां, झाला’ म्हणतो. त्या ‘हां’मागे काय आहे, हे कळण्यासाठी तो लव्हाळा त्याच क्षणी आपल्याही हातात असावा लागतो.

यासाठी शिकवणाऱ्या अनेकांची एक साधी रीत असते. शिकणाऱ्याची दोरी नीट होत नसली, तर ते तोंडी दुरुस्ती सांगत बसत नाहीत. दोरी स्वतःच्या हातात घेतात, चार वळसे घालतात आणि परत देतात. आता शिकणाऱ्याच्या हातात एकाच दोरीचे दोन भाग असतात, एक स्वतःचा आणि एक जाणत्याचा. दोन्हींवरून अंगठा फिरवला की कडकपणातला फरक लगेच जाणवतो. व्हिडिओ कितीही चांगला असला, तरी तो आपली दोरी हातात घेऊ शकत नाही.

सुरुवात कोणत्या कार्यशाळेपासून करावी?

आमचे मत स्पष्ट आहे: दोरीपासून. टोपली दिसायला आकर्षक असते आणि घरी नेऊन दाखवता येते, म्हणून बहुतेकांना पहिली टोपलीच करायची असते, आणि त्यात गैर काही नाही. तरीही ज्याने आधी दोरी वळली आहे, त्याला पुढे टोपलीचा काठ बांधताना, पिशवी गुंफताना किंवा चटईची कड शिवताना नव्याने काही शिकावे लागत नाही, कारण पीळ, सांधा आणि ताण या तिन्ही गोष्टी दोरीत आधीच येऊन गेलेल्या असतात. शिवाय दोरीला कसलेही अवजार लागत नाही. दोन-तीन तासांत नवखा माणूस हातभर बरी दोरी वळतो, आणि चुकलेली दोरी उलगडून तेच तंतू पुन्हा वापरता येतात. टोपलीच्या चुकलेल्या बुडाबाबत असे म्हणता येत नाही.

माझी दोरी हात सोडताच उलगडते. काय चुकते?

हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो, आणि त्याच्या उत्तरात दोरीचे सगळे विज्ञान आहे.

तंतूंची एक जुडी घेऊन तिला पीळ दिला, की ती स्प्रिंगेसारखी उलट फिरू पाहते. अशा दोन जुड्या एकाच दिशेने पिळून शेजारी ठेवल्या आणि त्यांना एकमेकींभोवती विरुद्ध दिशेने गुंडाळले, तर प्रत्येक पेडाची उलगडण्याची ओढ दोघांचा वळसा अधिक घट्ट करते. म्हणजे दोरी तंतूंच्या ताकदीवर टिकते हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे म्हणजे एकमेकांना अडवून धरणारे दोन विरुद्ध पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याने सुंभ नक्कीच स्वतः वळलेला असणार.

आता चूक कोठे होते ते पाहू. नवखा माणूस दोन्ही पेड एकमेकांभोवती गुंडाळतो खरा, पण गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक पेडाला स्वतंत्र पीळ देण्यास विसरतो, किंवा दोन्ही क्रिया एकाच दिशेने करतो. अशा दोरीत परस्परविरोध नसतो, त्यामुळे ती सोडताच उलगडते. हालचाल दोन भागांत पाहावी: वरचा पेड उजव्या चिमटीत धरून आपल्यापासून दूर पिळावा, मग तो पिळलेलाच ठेवून दुसऱ्या पेडावरून आपल्या बाजूला आणावा. आता खालचा पेड वर आला. त्यालाही तसेच दूर पिळून आपल्याकडे आणावे. ‘दूर पीळ, जवळ वळसा’ एवढे मनाशी म्हणत राहिले तरी पहिल्या अर्ध्या तासात पुरते.

दुसरी नेहमीची चूक सांध्याची असते. जुडी मधोमध दुमडून सुरुवात केली, तर दोन्ही पेड एकाच ठिकाणी संपतात आणि दोन्ही सांधे शेजारी येऊन दोरी तेथेच तुटते. म्हणून जुडी मधोमध न दुमडता एक बाजू लांब, एक बाजू आखूड राहील अशी दुमडावी, आणि नवे तंतू एका वेळी एकाच पेडात, जुने तंतू संपण्याच्या बरेच आधी मिसळावेत. तिसरी चूक जाडीची: पेड बारीक होत आहे हे दिसत असूनही ‘अजून थोडे पुढे जाऊ’ म्हणून आपण ढकलत राहतो. त्याच जागी दोरी पुढे तुटते.

‘एस-पीळ’ आणि ‘झेड-पीळ’ म्हणजे काय?

दोरी समोर उभी धरली असता पिळाच्या रेषा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरत असतील, तर तो एस-पीळ. उलट असतील, तर झेड-पीळ. दोन्ही सारखेच मजबूत असतात, पण एकाच दोरीत मध्येच दिशा बदलून चालत नाही. गंमत अशी, की काही तंतूंना स्वतःचाही कल असतो: जवसाचा ओला तंतू वाळताना एका दिशेला वळतो, तर भांगेचा तंतू विरुद्ध दिशेला, आणि तंतू ओळखताना अभ्यासक या खुणेचा उपयोग करतात.

मी डावखुरा आहे. अडचण येईल का?

येणार नाही. तुमच्या दोरीचा पीळ इतरांच्या उलट असेल, इतकेच. शिकवणाऱ्याच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसावे, म्हणजे त्याचे हात आरशासारखे दिसतात.

तंतू काढण्यापासून सगळे एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकता येते का?

पानांच्या तंतूंचे येते, सालीच्या तंतूंचे येत नाही. जी कार्यशाळा एका दिवसात ‘खोडापासून दोरीपर्यंत’ शिकवू म्हणते, तिच्यात कुजवलेले खोड आधीच तयार ठेवलेले असते. त्यात फसवणूक नाही. मात्र ही गोष्ट शिकणाऱ्याला सांगितलेली असावी.

कारण असे आहे. ताग किंवा अंबाडीच्या सालीतील तंतूंच्या जुड्या पेक्टिनसारख्या चिकट द्रव्यांनी आजूबाजूच्या पेशींना जखडलेल्या असतात. खोडे पाण्यात बुडवून ठेवली, की पाण्यातले जिवाणू हे चिकट द्रव्य आधी खातात आणि साल मोकळी होते. ताग कोमट पाण्यात साधारण १० ते २० दिवसांत कुजतो. थंडीत अधिक वेळ लागतो. जवस पुष्कळ ठिकाणी पाण्यात न बुडवता उपटून शेतातच पसरतात आणि दव व बुरशी यांच्या मदतीने काही आठवडे कुजू देतात. पांढऱ्या काथ्यासाठी नारळाची हिरवी सोडणे खाऱ्या पाण्यात कित्येक महिने बुडवून ठेवण्याची पद्धत आहे.

खरे कौशल्य थांबण्याच्या वेळेत आहे. तागाचा एकेक मूळ तंतू अवघा २-३ मिलिमीटर लांबीचा असतो; आपण ज्याला तागाचा लांब धागा म्हणतो, तो असे असंख्य आखूड तंतू त्यांच्यातल्या नैसर्गिक डिंकाने जोडलेले राहिल्यामुळे लांब दिसतो. खोड कमी कुजले, तर साल लाकडाला चिकटून राहते आणि सोलताना तंतू तुटतात. जास्त कुजले, तर जिवाणू तो जोडणारा डिंकही खाऊ लागतात आणि धाग्याची भुकटी होते. या दोन टोकांमध्ये काही थोडे दिवस असतात. त्यांतला योग्य दिवस कॅलेंडर सांगत नाही; रोज एक खोड बाहेर काढून बुडखा चेपावा, साल बोटाने सरकते का ते पाहावे, आणि ती सहज सरकू लागली की त्याच दिवशी सगळी खोडे काढून धुवावीत. तंतू शिकायचा असेल, तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन भागांत घेतलेली कार्यशाळा शोधावी. पहिल्या भेटीत खोडे बुडवायची आणि दुसऱ्या भेटीत सोलायची. मधल्या काळात घरी एका बादलीत चार खोडे ठेवून रोज पाहणारा शिकणारा दुसऱ्या भेटीला इतरांच्या पुढे असतो. वासाची मात्र तयारी ठेवावी. शेजाऱ्यांचीही.

घायपाताचे तसे नाही. पान ठेचून, फळीवर ठेवून बोथट पात्याने गर खरवडला, की त्याच दिवशी वाख हातात येतो. ताज्या पानाच्या वजनापैकी सुमारे ४ टक्केच वाख निघतो. राहिलेला ढीग पाहून पहिल्यांदा बहुतेकांचे डोळे विस्फारतात.

विणण्यापूर्वी साहित्य किती वेळ भिजवावे?

मिनिटांत उत्तर द्यायचे झाले, तर वेताच्या बारीक पट्टीला अर्धा तास पुष्कळ होतो आणि लव्हाळ्याला तर काही मिनिटेच. सालीसकट वाळवलेल्या, विलो या झाडाच्या काड्यांना मात्र दर फुटाला एक दिवस, असा ढोबळ हिशेब धरतात. पण या आकड्यांवर विसंबून राहिल्यामुळेच बरेचसे विणकाम बिघडते.

जमीन पेरणीजोगी झाली की नाही, हे शेतकरी पाऊस किती मिलिमीटर झाला यावरून ठरवत नाही. वाफसा आला का, ते पाहतो. तंतूंचेही तसेच आहे. भिजवणे ही पहिली पायरी. त्यानंतर साहित्य पाण्यातून काढून ओल्या कापडात गुंडाळून काही तास, शक्य तर रात्रभर, ठेवायचे असते, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी आत मुरते आणि ओल सगळीकडे सारखी होते. असे वाफशावर आलेले साहित्य हाताला ओले लागत नाही, गार लागते. ते वाकते, पण पाणी सुटत नाही. ठिबकणाऱ्या साहित्याने विणले, तर ते फुगलेल्या अवस्थेत विणले जाते आणि वाळल्यावर आकसून सगळी वीण सैल होते. याच कारणाने नुकत्याच कापलेल्या हिरव्या काड्यांनी विणलेली सुबक टोपली महिन्याभरात खुळखुळू लागते. कापलेले साहित्य आधी पूर्ण वाळवावे आणि मग पुन्हा भिजवून विणावे; हा उलटा वाटणारा क्रम टाळता येत नाही.

भिजवलेले साहित्य उरले, तर त्याच दिवशी मोकळ्या हवेत वाळत घालावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिले, तरी त्यावर बुरशी धरते.

टोपल्यांच्या विणींचे प्रकार किती, आणि कोणता सोपा?

नावे प्रदेशागणिक बदलतात, पण पद्धती मोजक्याच आहेत. गवताची वात करून ती वेटोळ्यासारखी फिरवत जायचे आणि प्रत्येक फेरी खालच्या फेरीला शिवायची, ही वेटोळ्याची पद्धत. दोन आडव्या काड्या प्रत्येक उभ्या काडीच्या पुढून-मागून एकमेकींना पीळ घालत न्यायच्या, ही पिळाची वीण. रुंद पट्ट्या एकीखालून एक घालत जाणे, ही चटईची वीण. आणि कडक उभ्या काड्यांमधून लवचीक काडी आत-बाहेर नेणे, ही बहुतेकांना माहीत असलेली टोपलीची वीण. याशिवाय एकाच सलग दोरीचे फास एकमेकांत गुंतवून पिशव्या करतात.

नवख्या माणसाला वेटोळ्याची पद्धत सर्वांत दयाळू वाटते: ती कोणत्याही क्षणी थांबवता येते आणि आकार सावकाश वळवता येतो. तिचा तोटा एवढाच, की ती फार हळू चालते; तळहाताएवढ्या परडीला सहज एक पूर्ण दिवस लागतो. साध्या आत-बाहेर विणीत एक नियम लक्षात ठेवावा: एकच आडवी काडी फिरवायची असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम हवी. सम असेल, तर दुसऱ्या फेरीत काडी पुन्हा त्याच बाजूने जाते आणि वीण पडतच नाही. दर कार्यशाळेत एखादा तरी शिकणारा तीन फेऱ्या झाल्यावर हे शोधून काढतो.

कोणती अवजारे आणावीत?

धारदार कात्री किंवा लहान सुरी, टोचण्यासाठी बोथट टोकाचा दाभण, एक जुना टॉवेल आणि मांडीवर घ्यायला जाड कापड. याहून लांब यादी पाठवणाऱ्या कार्यशाळेकडून तिचे कारण विचारून घ्यावे.

वयाची किंवा शारीरिक क्षमतेची अट असते का?

दोरी वळायला सात-आठ वर्षांचे मूलही शिकते, आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा लवकर शिकते, कारण ते मध्येच थांबून विचार करत नाही. सुरी वापरणे आणि कांबी काढणे मात्र मोठ्यांनीच करावे.

संधिवात किंवा मनगटाचे दुखणे असलेल्यांनी आधी शिकवणाऱ्याशी बोलावे. चिमटीने पीळ देण्याऐवजी मांडीवर तळहाताने पेड लोळवून पीळ देण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत चालते. तिच्यात बोटांवर ताण कमी येतो आणि वेगही अधिक मिळतो. जाड वेत किंवा विलो टाळून गवत व काथ्या निवडावा. आणि निरोगी माणसांनीही दर अर्ध्या तासाने हात मोकळे करावेत. मानेचे दुखणे हे विणकाम मांडीत फार खाली धरल्याचे लक्षण आहे.

सुरक्षिततेसाठी काय पाहावे?

घायपाताच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्याने कातडीला तीव्र खाज व जळजळ होऊ शकते. त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ‘मला काही होत नाही’ म्हणणारा साहाय्यक असला, तरी तुम्ही मोजे घाला. वाळलेले खोड झोडपताना आणि तंतू विंचरताना धूळ उडते. कापूस, जवस आणि भांग यांच्या धुळीने कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेत धोका त्यामानाने कमी असला, तरी हे काम उघड्यावर आणि तोंडाला फडके बांधून करावे. दमा असणाऱ्यांनी ते काम दुसऱ्याला द्यावे. बुरशी आलेले साहित्य वाचवण्याचा मोह धरू नये.

खोडे कुजवलेले पाणी नदी-ओढ्यात सोडू नये. त्यातले जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. कुजवण्यासाठी वेगळे टाके किंवा पिंप वापरावे आणि ते पाणी मातीत जिरवावे.

साहित्य रानातून स्वतः गोळा करावे का?

करावे, परंतु ओळखीच्या वनस्पतींचेच, जमिनीच्या मालकाला विचारून आणि जेथे वनस्पती संरक्षित आहेत तेथील नियम पाळून. भांगेच्या लागवडीवर आणि ती बाळगण्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत, म्हणून ती आयोजकांनी कायदेशीर मार्गानेच मिळवलेली असावी. जलपर्णीचे देठ वाळवून त्यांच्या वेण्या घालता येतात आणि ती काढल्याने पाण्याचेही भलेच होते. मात्र तिचे हिरवे तुकडे दुसऱ्या तळ्यापर्यंत पोहोचणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी.

किती कापावे, याचे एक उत्तम उदाहरण न्यूझीलंडमधील माओरी विणकरांचे आहे. हाराकेके या वनस्पतीची पाने तोडताना ते मधला कोवळा कोंब आणि त्याला लागून असलेली दोन पाने कधीच कापत नाहीत. कोंबाला ते मूल मानतात आणि शेजारच्या पानांना त्याचे आई-बाप. फक्त बाहेरची जुनी पाने घेतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही हे बरोबरच आहे, कारण नवी वाढ मधूनच होते.

दुसऱ्या समाजाचे पारंपरिक नमुने आपण शिकणे आणि करणे योग्य आहे का?

तंत्र सगळ्यांचे असते. विशिष्ट नमुना, त्याचे नाव आणि त्याचा अर्थ मात्र कोणाचा तरी असतो. इंडोनेशियातील पापुआ प्रदेशात फासांनी गुंफलेली नोकेन ही पिशवी युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतली. पेरूमध्ये आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवती दोरखंडांचा पूल परिसरातील समाज दरवर्षी नव्याने बांधतात. त्या ज्ञानाची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत २०१३ मध्ये झाली. जपानच्या ओकिनावात केळीच्या एका जातीपासून बाशोफू नावाचे कापड विणतात. त्यासाठीचा तंतू कातत नाहीत, तर टोकाला टोक गाठून धागा लांबवत नेतात. असे काही शिकवणारी कार्यशाळा ते कोणाचे आहे हे सांगत नसेल, तर ती अर्धेच शिकवते. आणि शिकल्यावर केलेली पिशवी ‘नोकेन’ या नावाने विकायला ठेवू नये.

तंतूंना नैसर्गिक रंग देणे त्याच कार्यशाळेत शिकावे का?

आमच्या मते नको; तो स्वतंत्र विषय आहे. वनस्पतितंतू लोकरीइतक्या सहज रंग घेत नाहीत. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्यांतला मेणकट अंश काढावा लागतो, मग हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट द्रव्यात बुडवावे लागते, त्यानंतर तुरटी आणि शेवटी रंग. निळीला तुरटी लागत नाही, पण तिची स्वतःची वेगळीच कटकट असते. तागाचा रंग मात्र उन्हात आपोआप पिवळसर-तपकिरी होतो, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, बरेच असते.

कार्यशाळा चांगली आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?

आयोजकांना चार गोष्टी विचाराव्यात. एका शिकवणाऱ्यामागे किती जण आहेत? आठांहून अधिक असतील, तर तुमची दोरी कोणी हातात घेईल याची खात्री नाही. साहित्य कोणत्या वनस्पतीचे आहे? ‘नैसर्गिक तंतू’ एवढेच उत्तर आले, तर सावध व्हावे. साहित्य तयार करण्याला किती वेळ दिला आहे? आणि शुल्कात घरी सरावासाठी न्यायचे साहित्य धरले आहे का? यांपैकी शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आम्ही त्यालाच सर्वाधिक महत्त्व देऊ. ‘प्रत्येकाला सुंदर टोपली घरी नेता येईल’ अशी हमी देणाऱ्या ठिकाणी बुडे आधीच बांधून ठेवलेली असतात आणि काठ शिकवणारेच पूर्ण करतात. बूड आणि काठ, टोपलीतल्या अवघड गोष्टी या दोनच.

केलेली वस्तू किती टिकते, आणि तिची निगा कशी राखावी?

कोरड्या, हवेशीर जागी आणि थेट उन्हापासून दूर ठेवली, तर टोपली अनेक वर्षे टिकते. ओल, कसर आणि ऊन हे तिचे तीन शत्रू. जवसाचा तंतू ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, तर तागाचा कमजोर पडतो. म्हणून पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला तागाची सुतळी घेऊ नये. काथ्यात लिग्निनचे प्रमाण फार जास्त, सुमारे ४० टक्के असल्याने तो खाऱ्या पाण्यातही चांगला तग धरतो. वेताची टोपली अगदी शुष्क हवेत ठिसूळ होते; वर्षातून एखादे वेळी तिच्यावर पाणी शिंपडून सावलीत वाळवावी.

कार्यशाळेनंतर घरी सराव कसा करावा?

पहिल्या दोन दिवसांत पुन्हा हात लावला नाही, तर बोटे जे शिकली ते बहुतेक विसरतात, असा आमचा अनुभव आहे. घरी परतल्यावर त्याच आठवड्यात रोज वीतभर दोरी वळावी, अधिक नको. प्रत्येक तुकड्याला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि तो फेकू नये. पंधरा दिवसांनी सगळे तुकडे ओळीने मांडले, की पीळ कोणत्या दिवशी एकसारखा पडू लागला ते दिसते.

साहित्य संपले, तर वाळलेले लांब गवत, मक्याच्या कणसावरची पाने किंवा केळीचा वाळका सोपही सरावाला चालतो. तंतू वेगळा असल्याने हाताला सुरुवातीला परका वाटेल. हात मुद्दाम परका होऊ द्यावा. एकाच तंतूवर बसलेला हात दुसरा तंतू समोर आला की पुन्हा नवखा होतो.

कार्यशाळेत केलेली टोपली तुटली. टाकून द्यावी का?

आधी ती कोठे तुटली ते पाहावे. काठ सुटला असेल, तर तो भाग ओल्या फडक्याने गुंडाळून दोन-तीन तास ठेवावा, सुटलेली टोके दाभणाने वाट करून पुन्हा आत खोचावीत आणि वरून स्वतः वळलेल्या बारीक दोरीने बांधावे. एखादी उभी काडी मोडली असेल, तर तिच्या शेजारी तितक्याच जाडीची नवी काडी टोक तासून खाली बुडापर्यंत सरकवावी आणि मोडकी काडी तशीच राहू द्यावी. बूडच गेले असेल, तर टोपली सावकाश उसवावी, काड्या वाळवून ठेवाव्यात आणि उसवताना कोणती काडी कोणत्या काडीमागून गेली होती ते कागदावर काढत जावे.